खऱ्या आगीचीही सूचना दिली जाईल

७ मार्च, दुपार

लाइफ जॅकेटची गाठ सुटत नाही. डावा हात आत अडकला आहे. उजवा मोकळा आहे, म्हणून लिहितो आहे.

जॅकेट कसं बांधावं याचं प्रात्यक्षिक देत होतो, थर्ड ऑफिसर म्हणून ते माझं काम. खलाशी ढिलं बांधतात, म्हणून मुद्दाम घट्ट बांधून दाखवलं. चीफ ऑफिसर म्हणाला, राहू दे थर्ड, तू बुडालास तरी जॅकेट सापडेल. सगळे हसले. चीफला लोकांसमोर बोलायचं भान नाही.

आगीचं ड्रिल, म्हणजे सराव, वाईट झालं. घंटा वाजली तेव्हा कुक हातात झारा घेऊन आला. फिटर टॉवेलवर आला. इंजिनरूममधला ऑइलर आलाच नाही. शोधायला गेलो तर झोपला होता. म्हणाला, स्वप्नात घंटा वाजतेय असं वाटलं.

कप्तानांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या बंदरात जहाजांची सुरक्षा तपासणारा इन्स्पेक्टर चढणार आहे, तो स्वतः ड्रिल घेणार. नीट झालं तर सेकंड ऑफिसरसाठी माझं नाव कप्तान स्वतः कळवतील. नाही झालं तर त्याच बंदरातून मी घरी जायचं. हे सांगताना ते माझ्या जॅकेटकडे बघत होते.

एवढी जबाबदारी भरवशाच्या माणसावरच टाकतात.

७ मार्च, संध्याकाळ

जॅकेट कापून काढलं. सारंगाने सुरी चालवली. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जड हाताचा माणूस. कापताना म्हणाला, साहेब, हलू नका, हे जॅकेट नव्हे, पोट आहे.

उद्यापासून पहाटे उठून सगळी साधनं तपासायची.

८ मार्च

झोप लागली. उद्यापासून.

बायकोचा फोन. साडू बँकेत शाखाप्रमुख झाले. पार्टी होती. पार्टीत मेव्हणीने विचारलं, भावजींचं काय? हिने सांगून टाकलं, यांचंही झालंच आहे, फक्त कळायचं बाकी आहे. मग मला विचारलं, अहो, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, मागच्या वेळीही नक्कीच होतं. नेमका तेव्हा आवाज तुटायला लागला. मला तिचं सगळं ऐकू येत होतं, पण आवाज तुटत होता.

ती असंही म्हणाली की मी सुट्टीत घरात चिकटवलेले संकटकालीन मार्गाचे बाण ती आता काढणार आहे. पाहुणे बाथरूम शोधत निघतात आणि जिन्यात पोचतात. मी म्हटलं, म्हणजे बाण बरोबर आहेत.

१० मार्च

विचार केला. दोष माणसांत नाही, घंटेत आहे. घंटा अचानक वाजते. माणूस दचकतो. दचकलेला माणूस टॉवेलवर येतो. अचानकपणा काढून टाकला तर उरतं ते निव्वळ ड्रिल.

यापुढे घंटेआधी लाउडस्पीकरवर सूचना द्यायची. जमायच्या जागी चहा आणि केक ठेवायचा. माणसाला चांगल्या कारणासाठी यायची सवय लागली की तो वाईट कारणासाठीही येतो.

कुकला केकचं सांगितलं. तो म्हणाला, आगीच्या ड्रिलला केक? मग बुडायच्या ड्रिलला काय, आइस्क्रीम? केक चॉकलेटचा ठरला.

१२ मार्च

अपूर्व यश. दुपारी सूचना दिली. घंटा वाजवायला वर ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, गेलो तेव्हा खाली सगळे जमलेले. घंटा वाजली तेव्हा जागेवर नसलेला माणूस एकच होता, मी. ऑइलर सर्वांत पुढे. भांग पाडलेला.

फोटो काढले. कप्तानही फोटोत आले. केकचा तुकडा हातात धरून म्हणाले, बरं आहे. त्यांच्या तोंडून बरं आहे म्हणजे फार झालं.

चीफ म्हणाला, घंटा वाजवूच नकोस ना, लोक तसेही येतात. यावर विचार केला. नियमात बसत नाही.

पाण्याचे पाइप अंथरून पंप सुरू करायचा होता. चहा गार होत होता. पुढच्या वेळी.

१४ मार्च

आज घंटांची नेहमीची चाचणी होती. सूचना द्यायची राहिली. घंटा वाजताच सगळे कामं टाकून चहाला आले. इंजिनरूममधून ग्रीसच्या हातांनी आले. कुक ओरडला, कुठून आणू चहा? मी काय किटली गळ्यात बांधून फिरतो?

घोळ मुळातून मिटवला. जेवणानंतर सर्वांना सांगितलं: सूचनेशिवाय वाजलेली घंटा ही चाचणी समजायची. कोणीही जागा सोडायची नाही. कोणतीही घंटा असो.

सारंगाने विचारलं, आणि साहेब, खरंच आग लागली तर?

मी म्हटलं, खऱ्या आगीचीही सूचना दिली जाईल.

सारंगाने ताट उचललं आणि तो निघून गेला. शंका फिटली असावी. कप्तान तिथे नव्हते, ऑफिसशी फोनवर होते. त्यांना अशा बारीकसारीक गोष्टींसाठी त्रास द्यायचा नाही असं ठरवलं.

१७ मार्च

होडीचं ड्रिल. जहाज सोडायची वेळ आली तर होडी पाण्यात उतरवावी लागते. आज उतरवणार होतो. सारंग म्हणाला, क्रेनचा ब्रेक बऱ्याच दिवसांत कोणी हलवलेला नाही, आधी उघडून बघू, दोन दिवस द्या. मी म्हटलं, दोन दिवसांनी बंदर येतंय, तिथलं पाणी संथ असतं, तिथेच उतरवू. होडी जागेवर असतानाच सगळे आत बसले. फोटो फार चांगले आले. सगळे हसताहेत.

चीफ म्हणाला, थर्ड, आता एखादा घोडा आण, त्यावरही बसवून काढ.

फोटो बायकोला पाठवले. तिने विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का?

इन्स्पेक्टर परवा चढणार. उद्या सगळी साधनं एकट्याने तपासायची. एकही बटण सोडायचं नाही.

१८ मार्च, संध्याकाळ

हात अजून नीट चालत नाही. अक्षर वाकडं येतं आहे. थंडीमुळे.

दुपारी तपासत तपासत कोल्डरूमपर्यंत आलो. मांस आणि मासळी ठेवायची खोली. कोणी आत अडकलं तर दाबायला तिथे एक बटण असतं, त्याची घंटा किचनमध्ये, मेसमध्ये आणि ब्रिजवर वाजते. बटण बघायला आत गेलो. दार मागे मिटलं. आतली मूठ घट्ट होती. ती घट्ट आहे हे मला माहीत होतं. मागच्या तपासणीत मी तिच्यापुढे 'चालते' असं लिहिलं आहे. बाहेरून चालते.

बटण दाबलं. घंटा उत्तम वाजली असणार, कारण दिवा लागला. वाट पाहिली. परत दाबलं. कोणी आलं नाही.

अंगात एक सुती बॉयलरसूट. वेळ वाया जाऊ नये म्हणून खोलीची तपासणी केली. कोंबड्या नीट रचलेल्या आहेत. पाइपांवर बर्फ जास्त आहे. मग बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. बोट बधिर झालं तेव्हा कोपराने दाबलं.

दारावर लाथा मारल्या. दार जाड आहे. चांगलं दार आहे.

मग खोक्यावर बसलो. मुलगी कितवीत आहे ते आठवेना. पहिली की दुसरी. बराच वेळ तेच आठवत होतो. ओरडलोही. काय ओरडलो ते लिहीत नाही.

रात्रीच्या जेवणासाठी मासे काढायला कुकने दार उघडलं. मला बघून तो मागे सरला. म्हणाला, अहो साहेब, तुम्ही आत? घंटा केव्हाची वाजतेय. आम्ही म्हटलं, थर्डसाहेब आज चाचणी फारच मनापासून घेताहेत. मेसमध्ये कोणी उठायला लागला की दुसरा त्याला खाली बसवायचा, सूचना नाही, बस. ब्रिजवरून चीफनेही फोन करून विचारलं होतं. कुकने सांगितलं, चाचणी आहे साहेब. चीफ म्हणाला, मग थांबव म्हणावं आता, डोकं उठलं.

कुकने मला खांद्याला धरून चुलीपाशी बसवलं. अंगावर पोतं टाकलं. तो मला शिव्या देत होता. एरवी चालवून घेतलं नसतं.

शांतपणे पाहिलं तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. एकही माणूस जागेवरून हलला नाही. शिस्त पूर्ण मुरली आहे.

१८ मार्च, झोपण्यापूर्वी

तरीही उद्यासाठी नियम बदलला. प्रत्येकाला जाऊन सांगितलं: उद्या कोणतीही घंटा खरी समजायची, सूचना असो वा नसो. ऑइलरने विचारलं, घंटा किती वाजता? म्हटलं, ते इन्स्पेक्टरच्या हातात, कधीही होईल. तो म्हणाला, हीच सूचना समजू का? म्हटलं, समजा.

मुलगी दुसरीत आहे.

१९ मार्च, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी बंदराला लागलो. घंटा कधीही होईल असं सांगितल्यामुळे सगळे नाश्त्यानंतर लगेच जमायच्या जागी जाऊन उभे राहिले. जॅकेटं घालून, ओळीत. शिडीवर पहाऱ्याला असलेला खलाशीही. इन्स्पेक्टर चढला तेव्हा शिडीवर कोणी नव्हतं. तो रिकाम्या जहाजातून एकटाच फिरला. कप्तान त्याला घ्यायला खाली चालले होते, तो त्यांना जिन्यात वर येताना भेटला.

बारीक, हळू बोलणारा माणूस. त्याने घंटा दाबली आणि चालत आमच्याकडे आला. त्याने घड्याळ बघितलं, मग ओळ बघितली. हसला. मीही हसलो.

त्याने ऑइलरला विचारलं, आग लागल्यावर काय करायचं? ऑइलर म्हणाला, इथे यायचं. मग? ओळीत उभं राहायचं. मग? फोटो. मग? ऑइलरने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघत होतो. तेवढ्यात कुक पुढे झाला आणि इन्स्पेक्टरला म्हणाला, साखर किती घालू?

पाइप जोडायला सांगितलं. व्हॉल्व्ह फिरेना. त्याच्यावर रंग बसला होता, लाल, चकचकीत. रंग मीच लावून घेतला होता, फोटोसाठी. होडी उतरवायला सांगितलं. हातभर खाली आली आणि अडकली. वर जाईना, खाली येईना. तिरकी लटकली. सारंगाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इन्स्पेक्टरने चहा संपवला. चहा चांगला आहे म्हणाला. सगळं दुरुस्त होईपर्यंत जहाज बंदरातून हलवायचं नाही असं लिहून दिलं.

कप्तान ओरडले नाहीत. मी ओरडण्याची तयारी ठेवली होती. त्यांनी विचारलं, काल कोल्डरूममध्ये तू अडकला होतास? म्हटलं, हो सर. मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, सर, चाचणी यशस्वी झाली होती. त्यांनी इन्स्पेक्टरचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, तुझ्या जागी ऑइलर असता तर? मी म्हटलं, त्याला सूचना... ते म्हणाले, बॅग भर.

चीफ केबिनमध्ये आला. टोमणा मारेल असं वाटलं होतं. दारात उभा राहिला, म्हणाला, तो फोन मी केला होता रे. खाली यायला पाहिजे होतं मी. एवढंच म्हणून गेला. त्याला काय म्हणायचं ते कळलं नाही.

बायकोला फोन केला. ठरल्यापेक्षा लवकर येतोय म्हटलं. ती एकदम म्हणाली, झालं? बढती झाली? मागे मुलीचा आवाज येत होता. मी म्हटलं, आल्यावर सांगतो. ती म्हणाली, अहो, हो की नाही एवढंच सांगा, मी ताईला कळवते. आवाज स्वच्छ येत होता. जराही तुटत नव्हता.

मी म्हटलं, हो.

२० मार्च, सकाळ

कंपनीच्या एजंटची गाडी उशिरा आली. तोवर जेट्टीवर बॅगेवर बसून होतो. वर जहाजावर सूचनेशिवाय घंटा वाजली. डेकवर माणसं धावली, कोणी पायात काही न घालता. मी उठून उभा राहिलो. मग बसलो.