नियम चौदा आणि माझी डावी दाढ

४ फेब्रुवारी, रविवार
आज इतिहास घडला. मेव्हण्याशी (पेशाने दातांचा डॉक्टर, स्वतःला सेनापती समजतो) युद्धाच्या पटावर सलग अकरा डाव हरलो होतो. बारावा जिंकलाच म्हणायचा. पैज होती: मी हरलो तर त्याच्या खुर्चीत बसून दाढ दाखवायची. दाढ दुखत नाही. डावीकडून चावता येत नाही, एवढंच.

वाद असा. त्याने माझ्या घोडदळाला पिछाडीवरून गाठून हरवलं. नियम चौदा: ‘हरलेल्या तुकडीने हल्लेखोरापासून दूर, दोन घरं माघार घ्यावी.’ हल्लेखोर पाठीमागे, म्हणून मी समोर माघार घेतली. थेट त्याच्या किल्ल्यात. किल्ला पडला की डाव संपतो. तो म्हणाला, भाऊजी, माघार आपल्या तळाकडे घेतात. म्हटलं, पुस्तिकेत तळाचं नाव दाखव. सापडलं नाही. खेळ बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करायचं ठरलं. मीच लिहिली, दोघांच्या पत्त्यांसह. तीन पानं.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
उत्तर नाही. पट जेवणाच्या टेबलावर. हलवला तर पुरावा नष्ट होईल, म्हणून सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवतो. मुलीने विचारलं, बाबा, मामाच्या खुर्चीला घाबरून हे चाललंय का? आजकालच्या मुलांना तत्त्व म्हणजे काय ते कळत नाही.

७ फेब्रुवारी
ऑफिसात चुकून थंड पाणी प्यायलो. हेडक्लार्क बाईंनी पंखा लावला आणि घरी फोन करू का विचारलं.
संकल्प: यापुढे कोमट.

९ फेब्रुवारी
बायकोने टेबल परत मागितलं. पट अलगद माझ्या पलंगावर नेला. मी सोफ्यावर. ती म्हणाली, किल्ला घेतला आणि पलंग घालवला. तिला डावपेच समजत नाहीत.

११ फेब्रुवारी, रविवार
गाल किंचित भरलाय. तब्येत सुधारत असावी. मेव्हणा आला, पटाकडे न बघता गालाकडेच बघत बसला. म्हणाला, पैज गेली खड्ड्यात, नुसते येऊन बसा. साफ नकार दिला. दया नको, न्याय हवा.
खरं म्हणजे भीती वाटते. हे वाक्य उद्या खोडायचं.

१३ फेब्रुवारी
उत्तर आलं! ‘माघारीची दिशा कुठलीही चालेल.’ घरभर मोठ्याने वाचून दाखवलं. उजव्या बाजूने हसलो.

सायंकाळी ६
मेव्हण्याचा फोन. ईमेल त्यालाही आली होती, आणि त्याने ती शेवटपर्यंत वाचली. खाली आणखी एक ओळ आहे: ‘मात्र माघार घेणारी तुकडी शत्रूच्या किल्ल्यात शिरल्यास ती कैद झाली असे समजावे.’
मोबाईलची अक्षरं फार बारीक असतात.

१५ फेब्रुवारी
मेव्हण्याचा दवाखाना. कैद झालेलं घोडदळ त्याने खिशातून काढून ट्रेमध्ये चिमट्याशेजारी ठेवलं. नियमांवर माझे अजून दोन मुद्दे होते, पण तोंड उघडं ठेवायला सांगितलं होतं. सुई दिसली तसा मागे सरकलो. पाठ खुर्चीला टेकली. तिथून मागे एकही घर नव्हतं. बायकोने माझा हात धरून ठेवला, ते बरं वाटलं.

दाढ निघायला चार मिनिटं लागली. मी ती अकरा दिवस लढवली.