ढिल्या बांधणीचा इतिहास

आप्पा, काल नोएडाला जाऊन तुमच्या साहेबांना भेटले. आहेत अजून. ऐंशी कधीच ओलांडली, मिशी तुमच्या वेळचीच, फक्त पांढरी. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. वरच्या ऑफिसात बढत्या-बदल्या कुठल्या नियमाने होतात, कोण जाणे.

साहेब स्क्वाड्रनचा इतिहास हिंदीत लिहितायत. हिंदी वर्तमानपत्रात लोकांना टोचणारी बाई निदान भाषा तरी सुधारेल, म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी कोणाची मुलगी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हस्तलिखित आधीच घरी आलं होतं. पुस्तक वाईट नाही. लढाऊ विमानांच्या वाट्याला गाणी आली, तुमच्या स्क्वाड्रनच्या वाट्याला कांदे-बटाटे. पंख्यांच्या जुन्या विमानांपासून आजच्या धुडांपर्यंत काम एकच: रस्ता संपतो त्याच्या पलीकडच्या चौक्यांवर तांदूळ, रॉकेल, बर्फातले बूट, घरची पत्रं वरून टाकायची, आणि जिथे उतरता येईल तिथून जखमी जवान खाली आणायचे. शत्रूचं एक विमान पाडलं नाही, पण किती चौक्या हिवाळाभर जगवल्या. वाचताना अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? मग ते पान आलं. त्या हिवाळ्यात एक खेप ‘लोडिंग पार्टी की ढीली बँधाई के कारण’ हवेतच सुटली आणि दरीत विखुरली. संपलं. ती खेप तुम्ही बांधलेली, पण तुमचं नावसुद्धा नाही. ठपका ठेवायला हवालदार लागतो, इतिहासात लिहायला लागत नाही.

आपलं कॅन्टोन्मेंटमधलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही पाटावर बसून आईच्या लोणच्याच्या बरणीला सुती पट्टी बांधताय, मी समोर. बरणी उलटी करून हलवता, गाठ जागची हलत नाही. मग पट्टीचं एक टोक माझ्या हातात देता, मी ओढते आणि गाठ फुलासारखी उमलते. “आकाशात सुटायची नाही,” तुम्ही म्हणता, “पण खाली पोरांची बोटं बर्फानं लाकूड झालेली असतात. त्यांना एका हिसक्यात सुटली पाहिजे.” आई म्हणते, बरणी फुटली तर तुमची स्क्वाड्रन लोणचं घालायला येणार आहे का?

ठपक्यानंतर तुम्हाला विमानावरून काढून भांडारात घोंगड्या मोजायला बसवलं. उन्हाळ्यात, ती खेप ज्या चौकीची होती तिथले एक सुभेदार सुट्टीवर गावी जाताना मुद्दाम घरी आले. बर्फ वितळल्यावर त्यांना दरीत माल सापडला होता. अख्खा, बांधलेला, चौकीच्या कितीतरी पुढे. त्यांनी गाठी न सोडता पट्टा कापून आणला होता, दोन गाठींसकट. आईच्या हातचं पिठलं खाता खाता म्हणाले, “हवालदार, तुमची बांधणी पक्की होती. हिरवा दिवाच उशिरा लागला. आठ दिवस अर्ध्या पोटी काढले आम्ही, पण तुम्हाला शिवी नाही दिली.” माल ढकलायची खूण देणारा तो दिवा विमान चालवणाऱ्या साहेबांच्या हातात होता. दिवा लागल्याशिवाय माल ढकलायचा नाही, हा तुमचा नियम. तुम्ही तो पट्टा कुठल्याच साहेबापुढे नेला नाही. माझ्या दप्तराला शिवलात. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत मी तुमचा पुरावा खांद्यावर घेऊन सात वर्षं गेले, आणि वर तुमची तंबी: “गाठीला हात लावलास तर याद राख.” मला वाटायचं, काहीतरी देवाधर्माचं असेल.

काल चहा आल्यावर मी ते पान उघडलं. साहेब म्हणाले, “ढीली थी जी, क्या करें. लड़के लापरवाह थे.” मी जुन्या दप्तरावरून उसवून आणलेला पट्टा टेबलावर ठेवला, एक गाठ त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, सर, उसी खेप का है, दरी से मिला था. ढीली है, तो खोल दीजिए.

त्यांनी चष्मा लावला. आधी हसत, मग दोन्ही हातांनी, मग नखांनी. त्यांच्या बायको म्हणाल्या, अरे छोड़िए ना. मी ‘छोड़िए’ म्हटलं नाही. चहावर साय धरेपर्यंत बघत बसले. आप्पा, इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही. शेवटी त्यांनी पट्टा बाजूला ठेवला आणि विचारलं, “हवालदार की बेटी हो?” मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “बत्ती मैंने देर से दी थी. चौकी पीछे छूट गई थी.” मी पेन पुढे केलं. त्यांच्याच अक्षरात, तुमच्या नावासकट, लिहून घेतलं. सही पण.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या चौकीवर माल टाकणारं विमान अजून निघालं नाही. म्हणून बिनधास्त सांगते. चौथीत असताना, मधल्या सुट्टीत, मी दप्तरावरच्या त्या पट्ट्यातली एक गाठ सोडली होती. एका हिसक्यात सुटली. घाबरून कशीतरी परत बांधली, पाण्यात भिजवून, दातांनी आवळून. साहेबांपुढे सरकवली ती माझी. तुमची पुढे केली असती, तर साहेबांनी ती सहज सोडली असती आणि हसले असते.