सासूबाईंची कवळी आणि मामंजींची गाडी

हिंगणघाट
हरतालिका, १९८३

तीर्थस्वरूप आईच्या पायांशी नलूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, म्हणजे माणसानं जितकं असावं तितके. तुझे गुडघे, हरिदासदादाचा खोकला आणि वहिनीचा स्वभाव, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते. (हे पत्र दादाकडून मोठ्यानं वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, देवघरात बस आणि स्वतः वाच.) आज माझा उपवास आहे, चूल थंड आहे, म्हणून लिहायला सवड मिळाली. लांबलं तर रागावू नकोस.

जावयांनी गाडी घेतली, असं तू सगळ्या केळझरभर सांगितलंस म्हणे. आई, घेतली नाही, केली. आणि केली ती वीतभर. तुला माहीतच आहे, तुझे जावई मिलच्या वर्कशॉपात लाकडी नमुने करतात, म्हणजे यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी सागवानात कोरायचा. दिवसभर दुसऱ्यांसाठी कोरून हात शिवशिवत असतील तर माणसानं घरी येऊन स्वस्थ बसावं. पण ह्यांनी होळीनंतर मामंजींची गाडी कोरायला घेतली. मामंजींची म्हणजे त्यांच्या मालकीची नव्हे. जिनिंगवाल्या शेठजींची ती लांबलचक काळी अमेरिकन गाडी, मामंजी तिचे ड्रायव्हर होते. शेठजी गेले, मुलांनी गाडी नागपूरला भंगारात दिली, आणि पुढच्या पावसाळ्यात मामंजीही गेले. सासूबाई त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. रोज सकाळी ती पुसायला जुन्या लुगड्याचे तुकडे मात्र त्यांच्याच हातचे असायचे.

फुटाला अर्धा इंच, असं माप ह्यांनी धरलं. खिडक्यांना दवाखान्यातली जुनी एक्सरे फिल्म धुऊन लावली (आमच्या मोरीत कोणाच्या तरी बरगड्या दोन दिवस भिजत होत्या), चाकांना पंपाचे वायसर, कडेच्या चकचकीत पट्ट्यांना डालड्याच्या डब्याचा पत्रा. काम सुरेख झालं होतं, खोटं का बोलू. पण वैशाखाचं ऊन वर्ध्याचं. सागवान असूनही टपाला चीर गेली. तेव्हा ह्यांच्या मनानं घेतलं की लाकडावरून साचा काढायचा आणि गाडी ओतायची, म्हणजे तडकायची भीती नाही आणि एकीच्या दहा करता येतील. दहा गाड्या कोणाला हव्या आहेत, हे मी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काय विचारायचं नाही हे बायकोला कळतं.

ओतायचं कशात, तर कवळीच्या मसाल्यात. सासूबाईंची वरची कवळी (खालची त्यांनी करवलीच नाही) ज्या दातांच्या डॉक्टरांनी केली, त्यांच्याकडे मुदत संपलेल्या पावडरीचे डबे पडून होते. पावडर आणि त्यावर घालायचं पाणी, कालवलं की कणकेसारखं होतं, मग तापतं आणि दगडासारखं बसतं. वास असा, की शेजारच्या पंचफुलाबाई दोनदा विचारून गेल्या, घरात कोणी पाय घसरून पडलं का, दवाखान्यासारखं काय येतंय. पहिली गाडी प्लॅस्टरच्या साच्यात जी बसली ती बसलीच. चाकांच्या वरच्या खोबणीत अडकली. हातोड्यानं साचा फोडला, त्यात गाडीही फुटली. मग साचा पाच तुकड्यांचा केला, आतून व्हॅसलीन चोळलं आणि दुसरी गाडी अखंड निघाली. फक्त ती निघाली हिरड्यांच्या रंगाची. कवळीचाच मसाला तो, दुसरा कोणता रंग येणार? सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या नवऱ्यानं काळी गाडी चालवली होती. काळा रंग देऊ, असं सांगितल्यावर कुठं त्या जेवल्या.

आता राहिला होता गाडीचा पुढचा भाग (लाकडातही तो कोराच ठेवला होता), आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. त्या गाडीचा घरात एकच फोटो. त्यात शेठजींचे सगळे पाहुणे अगदी गाडीसमोर छाती काढून उभे, त्यामुळे मागं फक्त टप दिसतो आणि काचेआड मामंजींची टोपी. पुढची जाळी कशी होती हे ह्यांना आठवेना. सासूबाई सांगू लागल्या की तिला मोठाले दात होते, गल्लीत शिरली की हसत येतेय असं वाटायचं. दात म्हणजे कसे, किती रुंद, खाली वळलेले की सरळ, असं हे विचारत राहिले. शेवटी त्या वैतागल्या, तोंडातली कवळी काढली आणि गाडीच्या नाकाशी धरली. "हे घे. अशी हासे."

आई, ती बसली. मापात बसली.

बेत असा ठरला, की कवळी त्या जागी ठेवून भोवती मसाला भरायचा, खाचा उमटल्या की कवळी काढून धुऊन परत द्यायची आणि दात मग वेगळे करून बसवायचे. ह्यांनी सगळ्याला व्हॅसलीन लावलं, एका कवळीला सोडून. का, तर आईच्या तोंडात जायची वस्तू, तिला बोट तरी कसं लावायचं! आता कवळीही त्याच मसाल्याची. दोन्ही एकमेकींना अशा मिळाल्या की गाडी कुठं संपते आणि सासूबाई कुठं सुरू होतात ते कळेना. कवळी सोडवायची तर गाडी कापावी लागणार होती. हे बिचारे करवत घेऊन बसले, चेहरा उतरलेला, आणि आपल्या आईकडे बघत राहिले. मला दोघांचीही कीव आली.

सासूबाईंनी गाडी उचलून मांडीवर घेतली. "राहू दे," म्हणाल्या. "माया दातानं त्यायची गाडी हासून राह्यली, तं हासू दे. पण मले तान्ह्या पोळ्यात नेजो."

हे मात्र मला तेव्हाच कळलं, की त्यांच्या मनात काय होतं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला घरोघरचे लाकडी बैल तोरणाखाली उभे राहतात, त्यांची पूजा होते, छान सजलेल्याला बक्षीस मिळतं. आमच्या घरी शेत नाही, बैल नाही. मामंजींनी जन्मभर दुसऱ्याची गाडी हाकली आणि पोळ्याच्या दिवशी त्यांना कोणी तोरणाखाली बोलावलं नाही. बैलाला वर्षातून एक दिवस मान मिळतो, तसा एकदा ह्या गाडीला मिळावा, एवढंच त्या माउलीला हवं होतं. त्यासाठी त्या भाकरी सोडून दूधभातावर राहायला तयार झाल्या.

काळा रंग देऊन, झूल घालून, बेगड लावून गाडी नेली. हसत होती अगदी. बायका ओवाळायला पुढे झाल्या, तेवढ्यात कमिटीचे वासुदेवराव आडवे आले की हा बैल नाही. सासूबाईंनी लगेच विचारलं, की लाकडी बैलाच्या पायात चाकं चालतात, मग आमच्या चाकांनी काय पाप केलं? (त्यांच्या तोंडात दात नसल्यामुळे हे मला लोकांना दोनदा समजावून सांगावं लागलं.) लोक आमच्या बाजूनं बोलू लागले. वासुदेवरावांची हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी सवयीनं गाडी उचलली, अंगठ्यानं तिचा ओठ वर केल्यासारखं केलं, दात पाहिले आणि भोंग्यावरून निकाल दिला. "बैलाले समोरचे वरचे दात नसतेच. खालचे रायते. हे घोडं हाये, पुढच्या साली खालचे बसवून आना, मंग पाहू."

सगळं मैदान हसलं. मीही हसले असते, पण सासूबाई हसल्या नाहीत. गाडी पदराखाली घेऊन त्या तडक घरी निघाल्या. मला फार वाईट वाटलं, आई. बक्षीस गेलं चुलीत, पण तोरणाखालून तरी जाऊ द्यायचं होतं.

असो. इकडची काळजी करू नये. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
नलू

ता. क. : दादानं तुला नागपुराहून करून आणलेली कवळी तू लावत नाहीस, खालची तर डब्यातून काढलीही नाहीस, असं वहिनीनं मागे लिहिलं होतं. ती खालची मला हवी आहे. परत मिळेल असं समजू नकोस.

ता. क. २ : पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. माझ्या लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून तू आणि सासूबाई बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. सासूबाईंनी लिहायला सांगितलंय, "विहीनबाईले म्हना, खालचे दात द्या, लुगड्याचं मी इसरली." (विसरल्या नाहीत. मी लिहीत होते तेव्हा काठाचा रंग सांगत होत्या.) तरी तू ये. मऊ खिचडी करीन, दोघी समोरासमोर बसून जेवा. तोंडात दात नसल्यामुळे एकीचं बोलणं दुसरीला कळायचं नाही, तेव्हा भांडणाचं भय धरू नकोस.