माडग्याची कॅसेट

मामा,

मी आणि आत्या नऊच्या एसटीने नगरला रेडिओ केंद्रावर गेलोय. भाकरी दुरडीत आहेत, पिठलं चुलीवर झाकून ठेवलंय. दुपारी शेळीला पाणी दाखवा.

मागं एकदा तुम्ही आत्यांकडे बघून हसून म्हणालात, "हिचं कोण ऐकतंय?" म्हणून तुम्हाला सांगितलंच नाही. आठ दिवस आम्ही दार लावून, टेप गोधडीवर ठेवून आत्यांचा रेडिओचा कार्यक्रम कॅसेटवर भरत होतो. हुलग्याचं माडगं कसं करायचं ते त्या एका दमात सांगायच्या. पण सुरुवातीला पूर्ण नाव सांगा, असं केंद्रावरून कळवलेलं, आणि गाडी तिथंच अडायची. "मी साळूबाई..." की गप्प! तुमचं नाव काही तोंडातून निघेना. म्हणायच्या, "नवऱ्याचं नाव असं कसं घ्यायचं गं? समदं गाव ऐकंल की!"

काल तुम्ही मळ्यात गेल्यावर त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि तुमचं नाव घेतलं, आडनावासकट. इतकं ठणठणीत, की दारातली शेळी ओरडली. तेही टेपमध्ये आलं. मग काय, मी त्यांना दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा घ्यायला लावलं. आता धीर चेपला होता!

नगरला ती दुसरी नेलीय. शेळीवाली टेपमध्येच आहे. नुसतं बटण दाबा.

ऐकून झाल्यावर कॅसेट मागे फिरवून मात्र ठेवू नका. तुम्ही कुठवर ऐकलंत, ते आत्या आल्या आल्या बघणार आहेत.

तुमची सून,
स्नेहल