पडवीची खोली मुक्कामी मास्तराला

मी, जानकाबाई तुळशीदास केंगले, वय पंचाहत्तरच्या आसपास (शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं, दोन्ही अंदाजानंच टाकलेली), धंदा शेती, पूर्वी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचे, राहणार मौजे उंबरदरा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी दम दिलेला नाही की गोड बोलून कुणी हे लिहून घेत नाही. मला दिवसाही स्वप्नं पडतात हे खरं. पण ती लहानपणापासून पडतात, तेवढ्यावरून कुणी मला वेडी ठरवू नये. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. जे आहे ते हेच.

कलम १. माझ्या नावावरची भातखाचरं माझा एकुलता एक मुलगा गोरख याला द्यावीत. तो वारूळवाडीला राहतो आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात काम करतो. शेत त्यानं स्वतः करावं किंवा बटईनं लावावं, पण लावणीच्या दिवसांत एकदा तरी चिखलात पाय घालून जावं.

गोरखवर माझा राग होता, तो आता नाही. त्याची मुलगी रुपाली चौथीपर्यंत इथं माझ्याजवळ शिकली. तेव्हा आमची शाळा घंटेवर भरायची नाही, एसटीवर भरायची. मास्तर खालून यायचे. गाडी आली तर शाळा, नाही आली तर पोरं अंगणात लगोरी खेळायची, माझी खिचडी खायची आणि घरी जायची. पाचवीला रुपाली वारूळवाडीला गेली, तर तिथल्या मुलांना इंग्रजीचे धडे तोंडपाठ, आणि हिला वाचनासाठी तिसरीच्या पोरांत नेऊन बसवलं. वर्षभर ती वर्गात तोंड उघडत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा गोरख मला म्हणाला, “आई, तुझ्या गावच्या शाळंनं माझ्या पोरीचं वाटुळं केलं. डोंगरात ऱ्हाऊन काय दिवे लावणार व्हती ती?” मी त्याच्या घरचं पाणीही न पिता माघारी फिरले. एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले. तो खोटं बोलला असता तर मी त्याला चांगला झाडला असता. पण पोरगी तीच होती, डोकं तेच होतं, मधे फक्त दोन तासांचा रस्ता होता.

आता रुपाली मंचरला कॉलेजात आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

आमच्या वाडीतले लोक फार शहाणे आहेत असंही माझं म्हणणं नाही. लावणीला, कापणीला पोरं शाळेतून उचलून नेतात. “हजेरीनं पोट भरतंय व्हय?” असं मला तोंडावर विचारलेलं आहे. तिकडं कळंब-मंचरला पोराची गाडी चुकली तर आई रिक्षा करून त्याला शाळेच्या दारात सोडते. इथं पोरगं घरी राहिलं तर आईला बरं वाटतं, कारण बकऱ्या त्याच्यावर सोपवता येतात. तिच्याही जिवाचं मला कळतं.

कलम २. राहतं घर. हे कलम नीट वाचावं, बाकीची चाळली तरी चालतील.

आमचं जुनं गाव धरणात गेलं, त्याबरोबर मी शिकले ती शाळाही गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिचं जोतं उघडं पडतं आणि मी तिथं जाऊन बसते. ऊन पाण्यावर हलत असतं. डोळा लागला की खालून पाढे ऐकू येतात. पोरं पाण्यातच रांगेनं बसलेली असतात, पोरींच्या वेण्या वर तरंगतात, मास्तरांच्या हातातला खडू विरघळत नाही. मास्तर हजेरी घेतात, आणि गाव सोडून गेलेली सगळी, माझा गोरखसुद्धा, “हजर” म्हणतात. मी जागी होते तेव्हा वर वाडीतून खरेच पाढे येत असतात. कुठले आतले आणि कुठले बाहेरचे, हे मला बराच वेळ कळत नाही. ते लवकर कळू नये असंच मला वाटतं.

खरे पाढे ऐकू येतात ते रत्नदीप रोकडे मास्तरांमुळं. ते कळंबचे, बौद्ध घरातले. नोकरीवर आले तेव्हा त्यांनी वाडीत खोली विचारली. माझे चुलत दीर सोमाजी म्हणाले, “खोलीत भात भरलाय, मास्तर.” पुढच्या घरीही भात, त्याच्या पुढच्या घरीही भात. त्या साली पावसानं दगा दिला होता आणि निम्म्या वाडीच्या कणग्या रिकाम्या होत्या. आधीच्या मास्तरांना हेच लोक राहा राहा म्हणून गळ घालायचे आणि ते राहायचे नाहीत. हे राहतो म्हणाले, तर सगळ्यांच्या घरात एका रात्रीत भात पिकला. मी माझी पडवीची खोली सारवून त्यांना दिली. त्यावरून सोमाजीभाऊजींनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांना मी या कलमानं माझा विळा देते. तो त्यांनी फार पूर्वी मागून नेला आहे, आता त्यांनी तो आपलाच समजावा.

मास्तर मुक्कामाला राहिले आणि शाळा वेळेवर भरायला लागली, एवढंच झालं. पण तेवढ्यानं सगळं बदललं. सकाळी धुक्यात पोरं दिसत नाहीत. आधी आवाज येतो, मग पाय दिसतात, मग दप्तरं. लावणीला कुणी पोरं नेली तर मास्तर बांधावर जाऊन त्यांच्या आयांना एवढंच विचारतात, “संध्याकाळी किती वाजता सोडताय?” दिवेलागणीला तीच पोरं चिखलाच्या पायांनी पडवीत येतात. सोमाजीभाऊजींची नात प्राची सगळ्यांच्या आधी येऊन दिव्याजवळची जागा धरते. मी चुलीशी पडून ऐकत राहते. कधी वाटतं, पडवीत पाणी भरलंय आणि पोरं त्यात बसून वाचतायत. मग कुणीतरी शिंकतं आणि मला हसू येतं.

तर घर रुपालीच्या नावे व्हावं. मात्र पडवीच्या खोलीत आमच्या शाळेचा जो मास्तर किंवा बाई गावात मुक्कामाला असेल, त्यांचा राहण्याचा हक्क राहील. भाडं घेऊ नये. जात विचारू नये. सरपण घरातलं वापरू द्यावं. जे रोज खालून येऊन-जाऊन करतील त्यांना खोली नाही. त्यांना पेलाभर ताक द्यावं आणि गाडी चुकायच्या आत वाटेला लावावं.

हे लिहायचं कारण असं, की पाण्याकाठी तंबू टाकायला पुण्याहून गाड्या येतात आणि गोरखनं एकदा अशा पाहुण्यांना हे घर आतून दाखवलं होतं. खोली गेली की मास्तर पुन्हा एसटीवर, आणि शाळाही पुन्हा एसटीवर. पट आधीच कमी आहे. मग शाळेला कुलूप लावायला कुणाला फार विचार करावा लागणार नाही, आणि प्राचीलाही कुणीतरी कुठंतरी नेऊन तिसरीत बसवेल. मला ते मेल्यावरही सहन होणार नाही.

कलम ३. पितळी परात सून इंद्रायणीला. वारूळवाडीत ती रुपालीला माझ्यासारखं बोलू द्यायची नाही. मला वाटायचं ती मला कमी लेखते. तसं नव्हतं. डोंगरातले म्हणून शेजारी हसतील, या भीतीनं ती स्वतःच अर्धी झाली होती. परात चांगली जड आहे, तिनं ती लोकांना दिसेल अशी ठेवावी.

कलम ४. माझी राख जुन्या शाळेच्या अंगाला पाण्यात सोडावी. मुलींच्या रांगेत माझी जागा भिंतीकडं आहे. बोलावणं आलं की मी “हजर” म्हणेन, बाकी विधी नको.

कलम ५. मंचरच्या वकिलांनी सांगितलं की ज्याला यातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार घेऊ नका. म्हणून एक साक्षीदार होडीवाले दादाभाऊ आणि दुसरे रोकडे मास्तर ठरवले. मास्तरांना अवघड भागातून खाली बदली मागायचा हक्क आहे. कळंबला त्यांची आई एकटी असते. जूनमध्ये ते जाणार असं सगळी वाडी म्हणते. मी त्यांना राहा म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. खोली त्यांच्यानंतर कुणा अनोळखी माणसाला मिळेल, कदाचित कुणालाच नाही. हे लिहिताना मला रडू येतं, तेही लिहून ठेवते.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी सह्यांना बसलो. दादाभाऊंनी सही केली. मास्तरांनी सगळं वाचलं, दुसरं कलम परत वाचलं, मग पेनाला टोपण लावून पेन माझ्या हातात दिलं.

“आजी, मला साक्षीदार होता येणार न्हाई. दुसरं कुणीतरी बघा.”

“का वं? तुमाला यातलं काय मिळतंय? तुमी तर चाललाय.”

“मी बदलीचा फॉर्म भरलाच न्हाई,” ते म्हणाले. “आईला विचारलं व्हतं. ती म्हणाली, तिकडं खोली पक्की हाय का तुझी? तर ऱ्हा. आज तिला सांगतो, पक्की हाय म्हणून.”

म्हणून खाली त्यांचं नाव मी खोडलं आहे आणि त्यांच्या जागी वाडीतल्या गेणभाऊंची सही घेतली आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे, कुणी शंका घेऊ नये. रेघ वाकडी आली, कारण त्या वेळी मला काही दिसत नव्हतं.

लिहून ठेवणार: जानकाबाई तुळशीदास केंगले (सही)

साक्षीदार:
१. दादाभाऊ भवारी, होडीवाले, डिंभे (सही)
२. रत्नदीप रोकडे, शिक्षक (नाव खोडले)
   गेणभाऊ असवले, उंबरदरा (सही)

स्थळ: उंबरदरा, पडवीत
दिनांक: १८ एप्रिल २०२५