वहीत न लिहिलेल्या पाठी

बाबा,

सध्या मी दुपारभर लाकडी दिवाणावर सरळ पडून असते. डॉक्टरांनी गादी बंद केली आहे. खाली एक सतरंजी, कमरेला रुंद पट्टा, आणि जेवणानंतर एक गोळी. त्या गोळीने दुखणं जात नाही, फक्त लांब जातं, शेजारच्या घरात कुणाचं तरी दुखत असावं तसं. मग तुम्ही येता. पाठीवर ज्वारीचं पोतं, डोक्यावरून मागे सोडलेलं रिकामं बारदान, आणि मोंढ्याच्या धान्यबाजारात ट्रकला लावलेल्या त्या लांब फळीवरून तुम्ही चढता आहात. फळी तुमच्या पावलांबरोबर हलकेच खाली-वर होते, तुमच्या पायांखाली पाणीच असावं तशी. तुम्ही वर पोहोचत नाही आणि थांबतही नाही. मी पावलं मोजत राहते आणि मधेच कुठेतरी माझाच डोळा लागतो. दुपारी झोपणारी माणसं मला कधी आवडली नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. आता मीच त्यांतली झाले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बी.कॉम. होऊन बियाण्यांच्या केंद्रात कारकून म्हणून नुकतीच लागले होते. तिथेच राहिले. पुढे गोदाम माझ्या ताब्यात आलं. बिया चाळणाऱ्या बाया, बॅगा शिवणाऱ्या बाया, थप्प्या लावणारे हमाल, सगळे माझ्या हाताखाली. मी यायच्या आत सगळे आपापल्या जागी असत, कारण उशीर झालेल्याला मी दारातूनच घड्याळ दाखवत असे. यंदाच्या पेरणीच्या आधीचे दिवस होते. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा गोदामात उतरला होता आणि त्यात सोयाबीनचा भुसा तरंगत होता, इतका सावकाश की वेळही त्याच्याबरोबर तरंगत असावा. हमाल चहाला गेले होते. पालमहून आलेला एक म्हातारा शेतकरी दारात उभा होता. ‘‘मॅडम, माझी यष्टी हुकती बगा,’’ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी कुणासाठी थांबत नाही. थप्पीवरची एक बॅग ओढली, वळले, आणि वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज माझ्या आतून आला. समोर वजनकाटा होता, त्यावरच बसले. काटा माझं वजन दाखवत होता. म्हातारा आपली बॅग खांद्यावर टाकून बसकडे पळाला, आणि मला तेव्हाही वाटलं, चला, बस तरी मिळेल.

मणका सरकला आहे. आता वाकता येणार नाही, फार वेळ बसताही येणार नाही. निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी मी नुकसानभरपाई मागितली आहे. केंद्राचं उत्तर एका पानात आलं. बॅगा उचलणं हे गोदामप्रमुखाचं काम नाही. शिवाय या केंद्रात उचलण्यामुळे पाठ दुखावल्याची आजवर एकही नोंद नाही, तेव्हा हे दुखणं वयाचं समजावं. कामगार कचेरीतल्या तरुण अधिकाऱ्याने अपघाताची वही माझ्यासमोर ठेवली. ‘‘मॅडम, ही कोण लिहितं?’’ मी म्हणाले, मी. ‘‘सह्या?’’ माझ्याच. त्याने पानं उलटली. बोट यंत्राच्या पट्ट्यात सापडलं, पत्र्याने हात कापला, खिळा रुतला. ‘‘एवढ्या वर्षांत एकाही बाईची कंबर धरली नाही?’’ त्याने अगदी साधेपणाने विचारलं.  मी त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत राहिले.

धरत होत्या, बाबा. बाया येऊन सांगत. माझ्या टेबलासमोर, कमरेवर हात ठेवून, थोड्या वाकून उभ्या राहत. मी वही उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारत असे, ‘‘रक्त आलं का?’’ नाही म्हटलं की वही बंद. तेल लावा, कामाला लागा. त्यात मला काही कठोर वाटत नव्हतं. मोजायला माझ्याकडे हेच माप होतं आणि ते मी घरून आणलं होतं.

मला आपलं स्वयंपाकघर दिसतं आहे. तुम्ही पालथे पडला आहात, आई चुलीवर लसूण घालून तेल गरम करते आहे. तुमच्या पाठीवर पोत्याच्या विणीचे बारीक चौकोन उठले आहेत आणि आई त्यांवरून तळहात फिरवते आहे. ‘‘अडत्याला सांगा की येकदा,’’ ती म्हणते. तुम्ही जमिनीकडे तोंड करूनच हसता. ‘‘रक्त निघालं का? न्हाई ना? मंग लागलं न्हाई.’’ आम्ही मुलंही हसतो. तेलाचा वास, चुलीचा उजेड, तुमचं हसू. इतकं उबदार वाक्य मी दुसरं कुठलंही ऐकलेलं नाही. मी ते बरोबर घेऊन कॉलेजात गेले, नोकरीत गेले, आणि खुर्चीवर बसून दुसऱ्यांना ऐकवत राहिले.

ती पहिली खुर्ची तुम्हीच आणलीत. अडत्याच्या दुकानातल्या मुनीमजींनी टाकून दिलेली वेताची खुर्ची, एक हात तुटलेला. मोंढ्यापासून घरापर्यंत ती पाठीवर उलटी घेऊन तुम्ही चालत आलात. दारात तुमच्या डोक्यावर चार पाय वर दिसले आणि आई घाबरली. तुम्ही ती भिंतीशी ठेवलीत, धोतराच्या सोग्याने पुसलीत आणि मला म्हणालात, ‘‘माय, इथं पाठ टेकून बसायचं. आपल्या घरात येक तरी पाठ टेकू दे.’’ त्याच उन्हाळ्यात मी डबा घेऊन मोंढ्यात आले होते. तुम्ही पोतं घेताना तोल जातो आहे असं वाटलं, म्हणून मी एका टोकाला हात लावला. सगळ्या मोंढ्यासमोर तुम्ही ओरडलात, ‘‘काढ हात! पुन्हा पोत्याला हात लावशील तर याद राख!’’ तुम्ही आयुष्यात माझ्यावर तेवढं एकदाच ओरडलात. घरी येताना मी मागे चालत होते. मला राग आला होता, आणि कॉलेजात शिकत असल्यामुळे तो कायद्याच्या भाषेत आला. म्हणाले, अडत्याला लेखी द्या, पाठ गेली आहे, भरपाई मागा, मी अर्ज लिहिते.  तुम्ही म्हणालात, ‘‘सकाळी मुकादम नावानं हाक मारतो, माय. पाठीचं रडणाऱ्याला उद्या कोण हाक मारतंय?’’

हे वाक्य मी विसरले होते. रक्ताचं लक्षात ठेवलं आणि हे विसरले. पट्टा बांधून पडल्यावर, त्या अर्धवट झोपेत, ते परत आलं. रक्ताचं ते वाक्य तुम्ही भिऊन म्हणत होतात. हसत होतात ते आम्हाला ती भीती दिसू नये म्हणून. आणि मी त्याचा नियम केला. माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या बाईची मुकादम मीच होते.

त्यातली एक बाई ताडकळसची. कंबर धरल्यावर दोन महिने ती तशीच बॅगा शिवत राहिली आणि मग येईनाशी झाली. मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. मागच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, मी बसने ताडकळसला गेले. बाकीच्या विक्रेत्या पथारीवर बसल्या होत्या, ही एकटी लसूण-मिरच्यांपुढे उभी होती. मला तिने लांबूनच ओळखलं.

‘‘या मॅडम! पट्टा लय भारी हाय की. बसा म्हणले असते, पर तुमाला तरी कुठं बसवतंय?’’

मी सरळ विषय काढला. मला दुसरं येत नाही. केंद्रात असताना तुझी कंबर धरली होती, ते कामगार कचेरीतल्या साहेबांसमोर सांगशील का? ती लसूण तोलत राहिली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘‘मावशे, ह्या आमच्या मॅडम. ह्यांना रक्त दाखवल्याबिगर काय दिसत नसायचं.’’ मावशी तोंडाला पदर लावून हसली. माझ्या गोदामात याच्या अर्ध्या बोलण्यावर मी माणसाला बाहेर काढलं असतं. इथे मी उभी राहिले.

‘‘मॅडम, तुमाला रक्त आलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग लागलं न्हाई.’’

तिने लसूण मावशीच्या पिशवीत ओतला. सगळा बाजार एकदम लांब गेल्यासारखा झाला. मिरचीवाल्यांची ओरड, फटफट्यांचे आवाज, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं पाण्याखालून येत होतं. मग ती माझ्याकडे वळली. हसत नव्हती. ‘‘येते मी. तारीख-बिरीख मला आठवत न्हाई. तुमी काय म्हणलाव ते आठवतंय. पर आधी माझं लिवा. माझं आन् माझ्यासंगं शिलाईवर व्हत्या त्या दोघींचं. आमी सांगितलं व्हतं आन् तुमी लिवलं न्हाई, आसं. तुमच्या हातानं.’’

माझ्या वकिलाला हे सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, मॅडम, असं लिहून दिलंत तर केंद्र सगळा दोष तुमच्यावर ढकलेल. तुमचा दावा कच्चा होईल, निवृत्तीचे पैसेही अडकतील. एवढंच लिहा की माझ्याकडे कुणी तक्रार आणली नव्हती. दुखणं खरं आहेच, वही अपुरी आहे असं आपण म्हणू. तीन दिवस मी जबाबाचा कागद उशाशी ठेवून पडले होते. पहिल्या दिवशी वळणदार अक्षरात लिहिलंही, ‘कोणतीही तोंडी अथवा लेखी तक्रार माझ्याकडे आलेली नाही.’ वाक्य निर्दोष होतं. दुपारी फळीवर तुम्ही आलात, नेहमीसारखेच, आणि माझ्याकडे बघितलंही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खोडून ‘मला सांगण्यात आलं होतं’ असं लिहिलं आणि स्वतःवरच खेकसले. सांगण्यात आलं म्हणजे काय? कुणी सांगितलं? आज सकाळी उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिलं. तिघींची नावं, त्यांची कामं, आणि खाली, ‘यांनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. मी ऐकलं. मी लिहिलं नाही.’ सोमवारी सुनावणी आहे. ताडकळसहून ती पहिल्या बसने येणार आहे. मला काही मिळेल असं आता वाटत नाही. त्या तिघींना मिळेल का, तेही ठाऊक नाही, पण मागायला त्यांच्या हातात माझी सही असेल.

तो कागद वकिलाकडे जाईल. हा दुसरा कुठेच जायचा नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहिते. त्या कागदावर ‘मी ऐकलं’ लिहिताना हात अडला, तो त्या तिघींमुळे नाही. पहाटे मोंढ्यात निघण्याआधी तुम्ही मोरीत जायचात आणि भिंतीला दोन्ही हात लावून पाठ सरळ करायचात. पलीकडे मी परीक्षेचा अभ्यास करत असे. पोरगी मोठ्याने वाचते आहे, आपलं कण्हणं तिला ऐकू जाणार नाही, अशा भरवशावर तुम्ही असायचात. बाबा, मी मनात वाचणारी आहे, तेव्हाही होते. तुमचा आवाज आला की मी मोठ्याने वाचायला लागायचे.