चिखलात न पडणारा ओदील

मूरव्हेल्ड, मंगळवार
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय सिस्टर कोलेता हिला,

गोदेलीव्ह बोसार्तचा आदरपूर्वक नमस्कार. (पत्र आधी मदर सुपीरियर वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो.) तू मठात गेल्याला एकोणचाळीस वर्षं झाली, तरी पाकिटावर ‘सिस्टर कोलेता’ लिहिताना माझा हात जरा अडतोच. हाताला अजून इर्माच लिहायचं असतं. तेव्हा पाकिटावर कोलेता आणि आत इर्मा, असं चालवून घे. तुझा खोकला कसा आहे? जाळीमागच्या त्या बैठकीच्या खोलीत शेगडी बसवणार होते, बसवली का? मागच्या शुक्रवारची डझनभर अंडी पोचली असतीलच. आपल्या भागात कुणाचं लग्न असो की मिरवणूक, कोरडं आकाश हवं असलं की तुम्ही प्रार्थना करावी म्हणून अंडी तुमच्याच दारात येतात, त्यामुळे मे महिन्यात तुमच्याकडे काय ढीग पडत असेल याची मला कल्पना आहे. माझी म्हणजे तपकिरी, टोपलीवर निळा चौकड्यांचा रुमाल असलेली. नेहमीप्रमाणे ओदीलच घेऊन आला होता.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. आमच्या रोझेमीच्या मुलांचे दुधाचे दात पडताहेत, माझी कंबर आपल्या वेळेला दुखते, आणि येत्या रविवारी तीन वाजता घरच्या मैदानावर मूरव्हेल्डचा फुटबॉलच्या मोसमातला शेवटचा सामना आहे, स्तेनहोव्हेशी. जिंकलो तर तिसऱ्या श्रेणीत राहू. हरलो तर खाली जाऊ आणि ओदीलचं मॅनेजरपद जाईल. क्लबाचे अध्यक्ष वालेर देमूर (भिंतीच्या कागदांचे कारखानदार, तुमच्या चॅपलमधली फुलं त्यांचीच) यांनी तसं समोर बसून, माझ्या हातचा आलुबुखार घातलेला ससा खात खात सांगितलं. दोनदा वाढून घेतल्यावर सांगितलं, एवढंच मी म्हणते. ओदील एकसष्ट वर्षांचा आहे. या वयात दुसरा क्लब त्याला बोलावणार नाही, आणि रविवारी दुपारी घरात बसलेला ओदील मी आजवर पाहिलेला नाही. पाहायची इच्छाही नाही. पण काळजी करू नकोस. आम्ही जिंकणार आहोत. मी तुला हे पत्र लिहिते आहे ते केवळ आठवण आली म्हणून.

आठवण म्हणजे शाळेतल्या त्या कपड्यांच्या खोलीची. सिस्टर युफ्राझी आपल्याला चादरींच्या घड्या घालायला बसवायची, आणि तिला डुलकी लागली की आपण खुर्चीवर चढून वरच्या खिडकीतून क्लबाचं मैदान बघायचो. खुर्ची एक आणि आपण दोघी, म्हणून आधी तू चढायचीस आणि बघून मला सांगायचीस. त्या दिवशी इतका पाऊस होता की बावीसच्या बावीस माणसं शेणात लोळल्यासारखी दिसत होती. तू म्हणालीस, “गोदेलीव्ह, तो जाडा बघ. चिखलात पडत नाही तो एकटाच.” मग मी खुर्चीवर चढले आणि अजून उतरलेले नाही. (आधी तू पाहिलं होतंस हे मी विसरलेले नाही. मदर, हे वाक्य तुम्ही सोडून द्या.)

आता त्याची कारकीर्द. लोक म्हणतात बोसार्तची कारकीर्द झालीच नाही. मी म्हणते झाली, फक्त हवामान चुकीचं होतं. ओदील बिटाच्या शेतात वाढलेला. नांगरलेल्या ओल्या जमिनीवर तो असा चालायचा की जणू त्याच्या पायांना मुळं फुटली आहेत. पाऊस असला की समोरचे चपळ पोरगे घसरून पडायचे आणि हा त्यांच्या मधून चेंडू घेऊन सावकाश चालत जायचा, वाटेत एखाद्याला हात देऊन उठवायचासुद्धा. पण कोरड्या मैदानावर तेच पोरगे त्याच्याभोवती माशांसारखे फिरायचे. शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस त्याला बघायला तीनदा आला. नोव्हेंबर महिना, आपला नोव्हेंबर कसा असतो तुला ठाऊक आहे, आणि तिन्ही रविवारी ऊन. तिसऱ्या वेळी तर त्या माणसाने कोट काढून मांडीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की बोसार्त वळतो तेव्हा कालव्यातली मालवाहू नाव वळल्यासारखी वाटते, आधी भोंगा वाजवावा लागतो. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे. मी सगळीच ठेवली आहेत.

एकदाच खरा पाऊस लागला. रोझेमीच्या जन्माचा आठवडा. मी बाळंतपणाच्या खाटेवर, आणि पहिल्या श्रेणीतला क्लब चषकाच्या सामन्यासाठी आमच्या मैदानावर. ओदीलने अर्ध्या मैदानावरून चेंडू मारला. गोलरक्षकाने तो बरोबर हेरून उडी मारली, पण चेंडू डबक्यात अडकून थांबला. गोलरक्षक पुढे घसरत गेला तो गेलाच, आणि ओदील चालत आला आणि त्याने चेंडू आत ढकलला. सामना संपल्यावर तो तसाच प्रसूतिगृहात आला. नर्सने त्याला दारातच अडवून सांगितलं की महाशय, आधी स्वतःला धुवा, मग बाप व्हा.

पुढे गुडघा गेला, खेळ संपला, त्याने प्रशिक्षकाचा दाखला मिळवला. दोन क्लबांनी त्याला घेतलं आणि दोन क्लबांनी सोडलं. मग मूरव्हेल्डने बोलावलं, त्याला आता सहा वर्षं झाली. ओदीलची पद्धत साधी आहे. तो सराव मैदानावर घेत नाही, भावाच्या नांगरलेल्या शेतात घेतो. खेळाडू निवडताना आधी त्यांना वजनकाट्यावर उभं करतो. आमचा गोलरक्षक ख्वीदो हा खाटीक आहे आणि अग्निशमन दलाचा नायकही. बचावफळीतले दोघे भाऊ पियानो हलवण्याचं काम करतात. हा संघ चिखलात उभा राहिला की कुणाला पुढे सरकता येत नाही. मागच्या वर्षी कोंबड्यांवर रोग पडला, आठ आठवडे आमच्या खुराड्यात एक अंडं नव्हतं आणि मी रडत होते, नेमक्या त्याच दिवसांत ओदीलने घरच्या मैदानावर ओळीने चार सामने जिंकले. वालेर देमूर यांनी भाषण केलं. मग कोंबड्या बऱ्या झाल्या, आणि मूरव्हेल्डवर पुन्हा ते निर्लज्ज निळं आकाश आलं.

गेल्या महिन्याची गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली असेलच, पण विपर्यास होऊन पोचली असेल, म्हणून मीच सांगते. कोरडा पडलेला एप्रिल बघून ख्वीदो म्हणाला की देव देत नसेल तर पंप माझ्याकडे आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी, सगळे चर्चमध्ये मिस्साला गेलेले असताना, त्याने आणि ओदीलने अग्निशमन दलाची गाडी मैदानावर नेली आणि तासभर पाणी सोडलं. दोघेही त्या मैदानावर लहानाचे मोठे झालेले, पण ते कालव्याच्या बाजूला उतरतं आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सगळं पाणी एकाच अर्ध्यात जमलं. नाणेफेक आम्ही हरलो आणि तोच अर्धा आमच्या वाट्याला आला. ख्वीदो घोट्यापर्यंत पाण्यात उभा, पियानोवाले भाऊ रुतलेले, आणि पाहुणे कोरड्या बाजूने धावत येऊन काठावरून चेंडू मारताहेत. ओदील म्हणाला, घाबरू नका, हाफटाइमनंतर बाजू बदलतात, मग चिखल त्यांचा. पण हाफटाइमला असं ऊन पडलं की चहा संपेपर्यंत पाणी कालव्यात उतरलं होतं. शून्य-तीन. पंचाने ख्वीदोला विचारलं की आग कुठे लागली होती. ख्वीदो म्हणाला, “गुणतक्त्याच्या तळाला.”

तर असं आहे सगळं. ओदील धीराने घेतो. रोज सकाळी दारात उभा राहून आकाशाकडे बघतो, हवामान-मापकावर बोट वाजवतो, आणि आत येऊन म्हणतो, “कोरडं,” जसं कुणी म्हणावं, “अजून पत्र नाही.” मी त्याला कॉफी देते. रविवारी आम्ही जिंकूच. तुझ्या प्रकृतीला जप, पाय कोरडे ठेव (सिस्टर युफ्राझी आपल्याला प्रार्थनेच्या आधी तेच सांगायची, आणि मी आयुष्यभर पाळलं), आणि आम्हाला प्रार्थनेत आठव.

तुझी जुनी आणि तुझ्यावर माया असलेली,
गोदेलीव्ह

ता. क. वर जे लिहिलं ते धीर गोळा करण्यासाठी लिहिलं. खरं आता लिहिते. परवा रविवारी संध्याकाळी मी कात्रणांची वही काढली, ओदीलचं पद गेलंच तर त्याला दाखवायला, की बघ, केवढं केलंस. वाचत गेले. ‘लख्ख उन्हात.’ ‘मोसमाला न शोभणाऱ्या कोरड्या हवेत.’ ‘मूरव्हेल्डवर पुन्हा सूर्याची कृपा.’ इर्मा, पानामागून पान. आमचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात तो पावसात खेळून न्यूमोनियाने तीन आठवडे पडला होता आणि मी त्याच्या उशाशी बसून ठरवलं होतं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्याआधी तुला बारा अंडी. (बाहेरगावच्या सामन्यांचं त्या त्या गावच्या बायकांनी बघावं.) चुकली ती रोझेमी झाली तेव्हा आणि कोंबड्या आजारी पडल्या तेव्हा. बाकी त्याची सगळी कारकीर्द मीच वाळवली. त्या शहरातल्या माणसाचा कोट मीच काढायला लावला. आणि तुम्ही बायका इतक्या मनापासून प्रार्थना करता, याबद्दल मी आता तक्रार तरी कशी करू?

तेव्हा विनंती अशी. मागच्या शुक्रवारची अंडी रद्द समज. उद्या दोन डझन येतील, ती पावसाची. पावसासाठी किती लागतात मला माहीत नाही, कुणी कधी मागितलेलाच नाही. एकच अडचण आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये मुलींच्या पहिल्या कम्युनियनचा समारंभ आहे, पांढरे झगे, आणि त्यांच्या आयांनी अंडी पाठवलेली असणारच, त्यांना नाराज करायचं नाही. मिरवणूक बारापर्यंत आटोपते, फोटो एकपर्यंत. अडीचनंतर पाऊस पडला तर कुणाचंच नुकसान नाही. जोराचा हवा. आणि ओदीलला यातलं काही कळता कामा नये. त्याला वाटतं ती अंडी मी मैत्रिणीला खायला पाठवते.

ता. क. २. कळलं. पाकीट बंद करायला तो डिंक घेऊन आला आणि माझा चेहरा बघून खाली बसला. त्याचा चष्मा सापडत नव्हता म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवलं, ताज्या कलमासकट. मला वाटलं उठून जाईल. तो डिंकाचं झाकण लावत राहिला, आणि मग म्हणाला की सिस्टर कोलेता त्याला जाळीमागून दर वेळी विचारते, “ओदील, कोरडं की ओलं?” दर वेळी, इर्मा! आणि तो सांगतो, कोरडं. मी विचारलं, का रे बाबा? तुझं आयुष्य होतं ते.

“मी नव्वद मिनिटं पळायचो, आता कडेला येरझाऱ्या घालतो, माझं अंग गरम असतं,” तो म्हणाला. “तू उघड्यावर बसतेस. हरलेलं मी सोमवारी विसरतो. तुझा खोकला ईस्टरपर्यंत टिकतो.”

एवढं बोलून तो कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. मी अजून इथेच बसले आहे. म्हणजे हे लांबलचक पत्र ज्या तिघांमधलं आहे त्यांतल्या दोघांना सगळं आधीच माहीत होतं, आणि त्या दोघांतली एक तू. खुर्चीवर आधी चढलेली.

ता. क. ३. उद्या टोपली घेऊन तोच येईल आणि तुझ्या प्रश्नाला पुन्हा ‘कोरडं’ म्हणेल, मी त्याला ओळखते. या एका वेळी त्याचं ऐकू नकोस. मी आजच जाऊन ख्वीदोकडून अग्निशमन दलाचा रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट मागून आणले आहेत. कोट मला घोट्यापर्यंत येतो आणि पाठीवर ‘नायक’ असं लिहिलेलं आहे. तोच घालून मी रविवारी नेहमीच्या जागेवर बसेन. अडीच वाजता, इर्मा. चिखलात न पडणारा तो एकटा मला पुन्हा एकदा बघायचा आहे.